हाडांच्या भिंतीचे घर

पदार्थसंग्रहालयात फिरताना एक गोष्ट आपल्या ध्यानात सहसा येत नाही. तेथील जवळजवळ प्रत्येक वस्तू कोठून तरी उचलून आणलेली असते. मूर्ती एखाद्या पडक्या देवळातून आलेली, नाण्यांचा गडू कोणाच्या शेतात नांगराला लागलेला, ताम्रपट एखाद्या इनामदाराच्या पेटीतून मिळालेला. वस्तू आपल्यापर्यंत येते; ती जेथे होती ती जागा मागेच राहते. काचेच्या कपाटात गावाचे नाव लिहिलेली एक चिठ्ठी असते, आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतो. वस्तू सुरक्षित राहावयाची तर ह्यावाचून दुसरा मार्ग नाही, असे आपण गृहीतच धरतो.

आज मी ज्या इमारतीची हकीकत सांगणार आहे तिच्या बाबतीत हा क्रम उलटा होता. तेथे वस्तू घरी आणली नाही. घर वस्तूकडे नेले. कल्पना सुंदर होती आणि ती सिद्धीसही गेली. परंतु ज्या जमिनीवर ते घर उभे राहिले त्या जमिनीला ते मानवले नाही. ते तडकले, सरकले, आणि ४८ वर्षांनी त्याच्या दाराला कुलूप लागले. मग प्रश्न आला तो दुरुस्तीचा. काय राखावयाचे आणि काय पाडावयाचे? हा प्रश्न केवळ गवंड्याचा व शिल्पज्ञाचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. तो तेवढाच नव्हता, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

ही जागा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, युटा आणि कोलोरॅडो ह्या दोन संस्थानांच्या सीमेवर आहे. तिचे नाव ‘डायनोसॉर नॅशनल मॉन्युमेंट’. ‘मॉन्युमेंट’ ह्या शब्दावरून एखादा पुतळा किंवा विजयस्तंभ डोळ्यांपुढे उभा राहील, पण तसे काही तेथे नाही. ती दोन लाखांहून अधिक एकरांची संरक्षित निसर्गभूमी आहे. उघडेबोडके, तांबूस व राखी रंगाचे डोंगर. त्यांच्यामधून खोल दऱ्या कोरीत गेलेल्या ग्रीन आणि याम्पा ह्या दोन नद्या. आणि त्या नद्यांचा एको पार्क नावाच्या रमणीय जागी होणारा संगम. मात्र तिला नाव मिळाले ते नद्यांवरून नव्हे, एका डोंगराच्या पोटात सापडलेल्या हाडांवरून.

ती हाडे शोधणाऱ्या गृहस्थाचे नाव अर्ल डग्लस. पिट्सबर्ग शहरी पोलादाचे कोट्यधीश अँड्र्यू कार्नेगी ह्यांच्या देणगीतून उभे राहिलेले एक संग्रहालय आहे. त्या संग्रहालयाला आपल्या प्रशस्त दालनांस शोभतील असे प्रचंड सांगाडे हवे होते, आणि ते शोधण्याचे काम डग्लस ह्यांच्याकडे होते. १९०९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या १७ तारखेस, एका डोंगराच्या उतारावर, शेपटीचे ८ मणके त्यांच्या दृष्टीस पडले. मणके विखुरलेले नव्हते; प्राण्याच्या शरीरात असावेत तसे ते एकापुढे एक ओळीने खडकात बसलेले होते. ॲपाटोसॉरस जातीच्या एका महाकाय प्राण्याची ती शेपूट होती. शेपटीच्या मागोमाग धड निघाले, एका सांगाड्याच्या मागोमाग दुसरा निघाला, आणि डग्लस ह्यांच्या ध्यानात आले की हा एका प्राण्याचा मुडदा नसून हाडांची खाणच आहे.

ही खाण तेथे कशी आली? सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी त्या प्रदेशातून एक नदी वाहत होती. अवर्षणाच्या दिवसांत पाण्याच्या आशेने प्राणी नदीकाठी येत आणि तेथेच मरून पडत. पुढे पूर आला की त्यांची हाडे वाहत जाऊन पात्रातील वाळूच्या दांड्याशी अडकत. आपल्याकडे पुरानंतर बंधाऱ्याशी काटक्याकुटक्यांचा ढीग साचतो, त्यातलाच हा प्रकार. वर वाळू बसली, वाळूवर गाळ बसला, ज्वालामुखींची राख बसली. वाळूचा खडक झाला आणि हाडांचा दगड झाला. त्यानंतर कितीतरी कालाने पर्वतांची उलथापालथ झाली, आणि जो थर आडवा अंथरलेला होता तो तिरपा होऊन जवळजवळ उभा राहिला. म्हणून त्या नदीचा तळ आज आपणांस जमिनीवर पाहावयाचा नसून भिंतीवर पाहावयाचा आहे. कोणी एखादी सतरंजी भिंतीला टेकवून उभी करावी आणि तिच्यावरील नक्षी आपण उभ्या उभ्या निरखावी, तशी ती हाडांची भिंत आहे.

डग्लस आपली पत्नी आणि लहान मुलगा ह्यांना घेऊन त्या निर्जन जागी राहिले. तेथील हिवाळा कडक असतो. पण खणण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. हाडे खडकासह फोडून, गिलावा लावून, पेट्यांत भरून, घोड्यांच्या गाड्यांतून दूरच्या रेल्वेपर्यंत न्यावयाची, आणि तेथून पिट्सबर्गला रवाना करावयाची. अशा रीतीने सुमारे ७ लाख पौंड वजनाचा माल त्या डोंगरातून गेला. आज अमेरिकेतील बड्या संग्रहालयांत जे सांगाडे मान उंचावून उभे आहेत त्यांतील कित्येकांची जन्मभूमी, किंबहुना मृत्युभूमी, हीच आहे.

मध्यंतरी एक मौजेची अडचण उपस्थित झाली. ही जमीन सरकारी. उद्या कोणीही येऊन तिच्यावर हक्क सांगेल. म्हणून संग्रहालयाच्या बाजूने तिच्यावर खाणीचा हक्क मागण्यात आला. सरकारी खात्याने उत्तर दिले की डायनोसॉरची हाडे ही खनिजांत मोडत नाहीत. जी वस्तू पुरी दगड झाली होती तिला कायदा दगड म्हणावयास तयार नव्हता! अखेर ह्या पेचातून वेगळीच वाट निघाली. १९०६ सालच्या प्राचीन वस्तूंच्या कायद्यान्वये अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांनी ४ ऑक्टोबर १९१५ रोजी त्या डोंगराभोवतीची ८० एकर जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. जमीन राष्ट्राची झाली, तरी हाडे मात्र आणखी काही वर्षे जातच राहिली.

येथे डग्लस ह्यांचा खरा मोठेपणा दिसतो. ज्या माणसाचे सारे आयुष्य हाडे उपटून पाठविण्यात जात होते, त्याच्याच मनात असा विचार आला की आता काही हाडे उपटू नयेत. भिंतीवरील खडक हळूहळू कोरून काढावा, हाडे जेथल्या तेथे उठावदार ठेवावीत, आणि त्यांवर एक छप्पर घालावे. म्हणजे लोकांना निसर्गाचे हे लेणे जागच्या जागी पाहता येईल. असे त्यांनी एका पत्रातून सुचविलेही. सांगाडा दालनात उभा केला म्हणजे प्राणी केवढा होता ते कळते; पण तो मेला कसा, त्याच्या शेजारी आणखी कोण पडले होते, पाण्याचा ओघ कोणत्या दिशेने होता, हे सारे कळावयाचे तर हाडे पडली तशीच पाहिली पाहिजेत. डग्लस १९३१ साली निवर्तले. त्यांच्या कल्पनेतील घर उभे राहिले १९५८ साली. बी पेरणाऱ्याने फळ पाहावेच असा निसर्गाचा नियम नाही.

मधल्या काळात दोन घटना घडल्या, त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९३८ साली ह्या ८० एकरांत दोन्ही नद्यांच्या दऱ्यांचा प्रचंड प्रदेश जोडण्यात आला. आणि पुढे १९५० नंतरच्या काही वर्षांत त्याच प्रदेशात, एको पार्कच्या संगमाखाली, एक मोठे धरण बांधण्याचा घाट घालण्यात आला. दऱ्या बुडणार होत्या. निसर्गप्रेमी मंडळींनी ह्याविरुद्ध सारा देश जागा केला. १९५५ साली वॉलेस स्टेग्नर ह्यांच्या संपादकत्वाखाली ह्या भूमीची ओळख करून देणारे एक पुस्तक निघाले, आणि १९५६ साली जो कायदा झाला त्यातून एको पार्कचे धरण वगळण्यात आले. ह्या झगड्यात एक गोष्ट सर्वांच्या ध्यानी आली. ज्या जागेला कोणी जात नाही, जी कोणी पाहिलेली नाही, तिची बाजू घ्यावयाला माणसे जमविणे फार कठीण असते. नकाशावर जेथे नुसते नाव असते तेथे धरणाची रेघ ओढणे सोपे जाते. तेव्हा भूमी राखावयाची असेल तर ती लोकांना दाखविलीही पाहिजे. पाहुण्यांसाठी दार उघडणे हा नुसता आदरातिथ्याचा भाग नव्हे. तो संरक्षणाचाच एक भाग आहे.

योगायोग असा की ह्याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानेही असाच विचार केला होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर मोटारींतून हिंडणाऱ्या लोकांच्या झुंडी उद्यानांत येऊ लागल्या, आणि त्यांच्या सोयीला तेथे जुन्या लाकडी खोल्यांपलीकडे फारसे काही नव्हते. खात्याचे संचालक कॉनरॅड वर्थ ह्यांनी १९५६ साली दहा वर्षांची एक योजना हाती घेतली. खात्याला १९६६ साली ५० वर्षे पुरी होणार होती, म्हणून तिचे नाव ‘मिशन ६६’. ‘व्हिजिटर सेंटर’ हा शब्द रूढ झाला तो ह्याच योजनेतून. आपण त्याला अभ्यागतगृह म्हणू. प्रवाशाने आधी तेथे यावे, जागेची माहिती करून घ्यावी, प्रदर्शन पाहावे, पाणी प्यावे, आणि मग रानात शिरावे, अशी त्यामागील योजना. अशी १०० हून अधिक अभ्यागतगृहे त्या दहा वर्षांत उभी राहिली. डायनोसॉरच्या खाणीवरील घर हे त्यांपैकी पहिल्या काहींतील, आणि सर्वांत धाडसी म्हटले तरी चालेल.

ते १ जून १९५८ रोजी खुले झाले. सान फ्रान्सिस्को येथील अँशेन आणि ॲलन ह्या वास्तुशिल्पज्ञांनी ते कल्पिले होते. पोलादाचा सांगाडा, भिंतींच्या जागी काच, आणि पाखराने पंख उचलावेत तसे दोन्ही बाजूंनी वर गेलेले छप्पर. तीन बाजूंना माणसाने भिंती घातल्या; चौथी, उत्तरेची, भिंत मात्र डोंगराची. सज्ज्यावर उभे राहिले की समोर दीड हजारांच्या आसपास हाडे: मांडीची, बरगड्यांची, मणक्यांची, कोठे आख्खी मान, कोठे एकच कवटी. दाराशी गोल बुरुजासारखी एक इमारत होती आणि तिच्याभोवती वळसा घेत वर जाणारा चढणीचा मार्ग होता. ह्याहून विशेष गोष्ट ही की भिंतीवर काम करणारी माणसे प्रेक्षकांच्या समोरच काम करीत. थिओडोर व्हाइट नावाच्या शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली, इमारत होण्यापूर्वी काही वर्षे, हाडे उठावदार करण्याचे काम सुरू झाले होते. ते इमारतीतही पुढे चालले. छिन्नीचा आवाज येत आहे, धूळ उडत आहे, आणि १५ कोटी वर्षे झाकून राहिलेले हाड आपल्या डोळ्यांदेखत उजेडात येत आहे, असे दृश्य दुसरीकडे कोठे पाहावयास मिळणार? सुमारे तीन दशकांहून अधिक काळ हा क्रम चालू होता.

परंतु, श्रोतेहो, ह्या सुंदर घराच्या पायाखाली एक दोष होता. आणि तो दोष आपल्यापैकी पुष्कळांच्या चांगला परिचयाचा आहे. माझे आजोळ वऱ्हाडात. तेथील काळ्या जमिनीवरच्या आमच्या जुन्या घराच्या माजघरात, दोन भिंतींच्या कोनात, एक उभी भेग होती. उन्हाळ्यात तिच्यात पोराचा हात जाई. श्रावण लागला की ती मिटत येई. आजोबांनी ती किती वेळा बुजविली असेल कोण जाणे. एकदा मी गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला विचारले की ही भिंत पुनःपुन्हा का फुटते? तो म्हणाला, “बाबू, भिंत फुटत नाही. खाली जमीन पाणी पिते आणि फुगते. मग तहानेली होते आणि आटते. भिंत बिचारी तिच्याबरोबर वरखाली होते.” इंजिनियरांचे ग्रंथ मी पुढे वाचले, पण त्या गवंड्याहून निराळे असे त्यांत काही आढळले नाही.

त्यामागचे शास्त्र असे. ह्या मातीचे कण गोल नसतात. ते अतिसूक्ष्म पापुद्र्यांच्या थप्प्यांसारखे असतात. पाऊस पडला की पाणी दोन पापुद्र्यांच्या मधे शिरते आणि त्यांना एकमेकांपासून दूर लोटते. एका कणाचे हे लोटणे डोळ्याला दिसणार नाही. पण कोट्यवधी कणांचे मिळून होणारे जे बळ असते त्यापुढे काँक्रीटची फरशीही उचलली जाते. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या झिजेपासून झाली. युटातील त्या डोंगरातील माती प्राचीन ज्वालामुखींच्या राखेपासून झाली. तिला बेंटोनाइट म्हणतात. जन्म निराळे, पण कूळ एक. दोन्हींतील मुख्य द्रव्य त्याच फुगणाऱ्या जातीचे आहे.

आता त्या अभ्यागतगृहाची अवस्था ध्यानात घ्या. उत्तरेची भिंत वाळूच्या कठीण खडकाची. ती हलावयाची नाही. बाकीचे घर बेंटोनाइटाच्या थरांवर उभे. ते स्थिर राहावयाचे नाही. एक पाय काठावर आणि दुसरा पाय नावेत, अशी त्याची गत झाली. इमारत खुली झाल्यावर थोड्याच काळात तिच्यात हालचाल दिसू लागली. भिंतींना तडे जाऊ लागले, बांधकामाचे जोड सुटू लागले. दुरुस्त्या झाल्या, पुन्हा तडे गेले, पुन्हा दुरुस्त्या झाल्या. आमच्या आजोबांनी भेग बुजविली तशीच ही दुरुस्ती होती: भिंतीची होती, जमिनीची नव्हती. दैवाची थट्टा अशी की २००१ साली ह्या इमारतीला ‘राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तू’ हा बहुमान मिळाला, आणि २००६ सालच्या जुलै महिन्यात ती माणसांना धोक्याची ठरून बंद करण्यात आली. मानपत्र आणि कुलूप ह्यांत अवघ्या पाच वर्षांचे अंतर!

घर बंद झाले म्हणजे भिंतही बंद झाली. पुढील पाच वर्षांवर काळ देशोदेशींची माणसे, लहान मुलांना घेऊन, शेकडो मैलांवरून तेथे येत राहिली, आणि ज्या हाडांवरून त्या भूमीला नाव मिळाले ती हाडेच त्यांना दिसेनात. एका पायवाटेने चालत जाऊन डोंगराच्या उतारावर उघड्या पडलेल्या थोड्याशा अवशेषांवर त्यांना समाधान मानावे लागे. एको पार्कच्या झगड्यात जे सत्य हाती आले होते त्याची उलट बाजू आता दिसू लागली. जागा राखावयाची तर दाखविली पाहिजे हे खरे. पण दाखविण्यासाठी बांधलेले घरच दाखविण्याच्या आड आले, तर काय करावयाचे?

इमारत तशीच डागडुजी करून पुन्हा उघडणे हा एक मार्ग. पण तो आजोबांच्या भेगेचा मार्ग होता. सारी इमारत पाडून टाकणे हा दुसरा. आणि ह्या दुसऱ्या मार्गाचे उदाहरण पुढे त्याच देशात घडले. गेटिसबर्गच्या रणभूमीवर रिचर्ड नॉयट्रा ह्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने ‘मिशन ६६’ मध्येच बांधलेली, १९६२ साली खुली झालेली इमारत, रणभूमी पूर्ववत् दिसावी ह्या हेतूने २०१३ साली पाडण्यात आली. डायनोसॉरच्या बाबतीत मात्र तसे करणे शक्य नव्हते. छप्पर काढले तर हाडे ऊनपावसात आणि बर्फात उघडी पडणार. आणि दगड झालेले हाडसुद्धा ऊन, पाणी आणि थंडी ह्यांपुढे टिकाव धरीत नाही.

तेव्हा तिसरा मार्ग काढण्यात आला, आणि माझ्या मते तो शहाणपणाचा होता. प्रथम असे विचारण्यात आले की ह्या घरातील कोणता भाग हाडांसाठी आहे आणि कोणता भाग आपल्या सोयीसाठी आहे? भिंतीवरचे ते काचेचे, पंख पसरलेले दालन हाडांसाठी होते. ते तेथून हलविता येण्यासारखे नव्हते. पण कचेऱ्या, पुस्तकांचे दुकान, तो गोल बुरूज आणि त्याभोवतीचा वळणाचा चढ, हे सारे माणसांसाठी होते. ते त्याच फुगणाऱ्या मातीवर असण्याचे काहीच कारण नव्हते. म्हणून बुरूज आणि कचेऱ्या पाडण्यात आल्या. मुख्य दालन ठेवण्यात आले. मात्र त्याचा पाया वरच्या मातीवर न ठेवता पोलादी खांब खोलवर, खालच्या घट्ट खडकापर्यंत, नेण्यात आले. माणसांच्या सोयीचे अभ्यागतगृह निराळे, डोंगराच्या पायथ्याशी, थोड्या अंतरावर नव्याने बांधण्यात आले. २००९ साली आर्थिक मंदीवर उपाय म्हणून अमेरिकन सरकारने जी मोठी रक्कम सार्वजनिक कामांसाठी मंजूर केली, तिच्यातून ह्या कामास १ कोटी ३१ लक्ष डॉलर मिळाले.

४ ऑक्टोबर २०११ रोजी, म्हणजे स्मारक जाहीर झाल्याच्या ९६ व्या वाढदिवशी, दालन पुन्हा खुले झाले. त्या वेळच्या प्राणिसृष्टीचे एक लांबलचक भित्तिचित्र तेथे आहे. खालच्या मजल्यावर भिंतीतील काही हाडांना प्रेक्षकांनी हात लावावयाला परवानगी आहे, आणि संग्रहालयात ‘हात लावू नका’ ही पाटी वाचीत वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल अधिक वाटेल. १५ कोटी वर्षांपूर्वीचे हाड थंडगार आणि दगडासारखेच लागणार, हे उघड आहे. परंतु काचेपलीकडून पाहणे आणि तळहाताने स्पर्श करणे ह्यांत जे अंतर आहे ते लहान मुलांना विचारावे.

बुरूज गेला ह्याचे पुष्कळांना वाईट वाटले असेल, आणि ते वाटणे अस्थानी नाही. तो नुसता चुना-विटांचा ढीग नव्हता. एका पिढीने यंत्रयुगावर आणि भविष्यावर ठेवलेल्या विश्वासाचे ते चिन्ह होते. जुन्या वास्तूतील एक तुकडा पाडणे म्हणजे जुन्या पोथीतील एक पान फाडण्यासारखे आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण येथे दोन पोथ्या होत्या. एक १९५८ सालची आणि दुसरी १५ कोटी वर्षांपूर्वीची. धाकटीचे एक पान थोरलीसाठी सोडावे लागले. घरात जागा कमी पडली की पाहुणा मधल्या खोलीत आणि यजमान ओटीवर, हा आपल्याकडील रिवाज आहे. ह्या घराच्या बाबतीत मूळ चूक कोणती झाली होती? तेथे पाहुणा कोण आणि यजमान कोण ह्याचाच विसर पडला होता. तेथील यजमान तो डोंगर. आपण पाहुणे, आपले घर पाहुणे, आपल्या कचेऱ्या तर पाहुण्यांचे पाहुणे. दुरुस्तीत जे झाले ते एवढेच की ज्याला त्याला त्याच्या जागी बसविण्यात आले.

आता शेवटी थोडे आपल्याकडे पाहू. डायनोसॉर म्हटले की आपले लक्ष अमेरिकेकडे जाते. पण चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा म्हणून एक गाव आहे, तेथील शिवारात ह्या प्राण्यांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडते. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्यांनी एकोणिसाव्या शतकातच तेथील अवशेष गोळा केले होते. त्याच जिल्ह्यातील डोंगरगाव येथे एका महाकाय प्राण्याचा सांगाडा निघाला. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट ह्या संस्थेच्या भूशास्त्रज्ञांनी १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि २००३ साली त्याला त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीसॉरस’ हे नाव मिळाले. म्हणजे आपल्या मातीतून निघालेल्या एका प्राण्याच्या नावात कलकत्त्याची संस्था आहे, डोंगरगाव नाही. ही तक्रार नव्हे. शास्त्राचे काम झाले हे महत्त्वाचे. पण तेथील शाळेत जाणाऱ्या मुलाला आपल्या पायाखाली काय दडले होते हे कोणी दाखविले, तर त्या शिवाराकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलेल, आणि पुढे त्या शिवाराची बाजू घेणारा एक माणूस तयार होईल.

उद्या तेथे किंवा अन्यत्र, एखाद्या अभयारण्याच्या वेशीवर, प्रवाशांसाठी घर बांधण्याची वेळ आली, किंवा बांधलेल्या घराला तडे गेले म्हणून ते नव्याने सजविण्याचा ठराव झाला, तर आधी रंग कोणता द्यावा आणि फरशी कोणती घालावी ह्याची चर्चा सुरू होईल. ती चर्चा करू नये असे मी म्हणत नाही. परंतु तिच्याआधी दोन प्रश्न विचारावेत. ह्या घरातील किती भाग त्या जागेसाठी आहे आणि किती आपल्यासाठी? आणि ज्या जमिनीवर ते उभे राहावयाचे आहे ती पाणी पिते की नाही? काळ्या मातीत मुरूम लागेपर्यंत पाया खणावा हे आपल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या मध्यास रुरकीच्या इमारत संशोधन संस्थेने ह्याच जमिनीसाठी, बुडाशी कंदासारखे फुगविलेले काँक्रीटचे खांब वापरण्याची पद्धत बसविली. ज्ञान आपल्याकडे नाही असे नाही. ते वेळेवर आठवले पाहिजे.

आजोळचे ते घर आता राहिले नाही. पण माजघराच्या कोपऱ्यातील ती भेग मला अजून दिसते, आणि तिच्याबरोबर तो गवंडीही आठवतो. भेग बुजविण्यापूर्वी तो नेहमी खाली वाकून चिमूटभर माती उचली, बोटांत चोळी, आणि मगच थापी हातात घेई.